पाण्यावरची वाट आणि विजेची नाव
बेलापूर ते घारापुरी : खाडीवरील प्रवासाचा इतिहास, शास्त्र आणि हिशेब

वाशीच्या घाऊक बाजारातील धान्याच्या गाळ्यांना जुने व्यापारी अजूनही 'दाणाबंदर' म्हणतात. शब्द राहिला, बंदर मात्र मागे सुटले. मुंबईत मस्जिद बंदर, लकडा बंदर, कोळसा बंदर ही नावे पडली ती तेथे गलबते लागत आणि माल उतरत असे म्हणून. पेढ्या खाडीपलीकडे आल्या त्या मालमोटारींच्या भरवशावर, आणि ज्या पाण्याने हा व्यापार वाढवला त्या पाण्याशी असलेला व्यवहार त्याच वेळी संपला.

नवी मुंबईची गोष्ट पुढेही तशीच घडत गेली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, १९९२ मध्ये त्याच खाडीवरून लोकल गाडी आली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. पश्चिमेस ठाणे खाडी, दक्षिणेस पनवेल खाडी आणि समोर मुंबई बंदराचे विस्तीर्ण पाणी असलेले हे शहर प्रत्येक पुलागणिक पाण्यापासून थोडे दूर गेले. घारापुरीचे बेट बेलापूरपासून सरळ रेषेत १२ किलोमीटरच्या आसपास आहे. तरीही नवी मुंबईतील कुटुंबाला लेणी पाहायची असतील तर ते बहुधा आधी पूल ओलांडून मुंबईला जाते, गेट वे ऑफ इंडियाला लाँच पकडते आणि तासाभरात पुन्हा जवळजवळ आपल्याच किनाऱ्यासमोर येऊन उतरते.

हा उलटा फेरा थांबवता येईल काय, हा प्रश्न नवा नाही. नवे आहे ते त्याचे उत्तर देऊ पाहणारे साधन. दोन सांगाड्यांची, विजेवर चालणारी, छतावर सौर पत्रे अंथरलेली बोट आता केवळ प्रदर्शनातील नमुना राहिलेली नाही. केरळात ती रोज हजारो प्रवासी वाहते आणि मुंबई बंदरातही विजेच्या बोटी उतरल्या आहेत. घारापुरीच्या वाटेवर ती टिकेल की नाही, हे मात्र यंत्रापेक्षा हिशेबावर अधिक अवलंबून आहे.

पेढीवरून जहाजावर

व्यापारी समाजाला जहाजाचा धंदा परका नाही. सोलापूरच्या जैन कुटुंबात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेले वालचंद हिराचंद बांधकामाच्या कंत्राटांतून पुढे आले. पहिले महायुद्ध संपताच त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडील 'लॉयल्टी' ही आगबोट विकत घेण्याचा बेत केला. युद्धकाळात ती रुग्णसेवेसाठी वापरली गेली होती. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासह १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. हाच दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे वालचंदांच्या प्रयत्नांतून विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी झाली. तेथे बांधलेले 'जलउषा' १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले.

या इतिहासात आजच्या प्रश्नासाठी एक धडा आहे. विलायती कंपन्यांनी दर पाडून स्पर्धा केली तेव्हा सिंदिया कंपनी केवळ देशाभिमानावर तगली नाही. कोणत्या मार्गावर किती माल, किती भाडे आणि किती फेऱ्या यांचा हिशेब मांडून तिने किनाऱ्यावरील वाहतुकीत आपली जागा पक्की केली. नवे वाहन आणणे हे धाडसाचे काम असते. ते चालू ठेवणे हे हिशेबाचे.

आगबोट गेली, आठवण राहिली

कोकणच्या किनाऱ्यावरील प्रवासी आगबोटींनी अनेक पिढ्यांची ने-आण केली. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी रेवस, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरे घेत गोव्याकडे जात. बऱ्याच बंदरांत बोट काठाला लागत नसे. खोल पाण्यात ती उभी राही आणि पडावांतून माणसे व सामान किनाऱ्यावर नेले जाई. घाटरस्ते आणि एस. टी. सुधारली तशी ही सेवा ओसरत गेली आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली.

या प्रवासाच्या आठवणीवर एक काळी रेघही आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडली. ६००हून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. पोहत किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगितले तेव्हा कुठे मुंबईला बातमी कळली. गिरगाव, परळपासून अलिबाग तालुक्यातील खेड्यांपर्यंत असंख्य घरांत त्या दिवसाची आठवण पुढील पिढ्यांना सांगितली गेली. पावसाळ्यात बोटीत पाय न ठेवण्याची अनेक घरांतील शिस्त अशा अनुभवांतून आली आहे. पाण्यावरची कोणतीही नवी सेवा सुरू करताना तिला प्रथम या आठवणीला उत्तर द्यावे लागते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी ती आठवण पुन्हा जागी झाली. गेट वेहून घारापुरीकडे जाणाऱ्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान नाव आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवलेले असणे आणि ते अंगावर असणे यांतील फरक किती मोठा आहे, हे त्या दिवसानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

बेलापूरच्या धक्क्यावरील दोन प्रयत्न

नवी मुंबईहून बोट सुरू करण्याचे प्रयत्न १९९०च्या दशकापासून होत आले. अलीकडचा ठळक प्रयत्न १७ फेब्रुवारी २०२२चा. त्या दिवशी बेलापूरच्या नव्या धक्क्याचे उद्घाटन झाले आणि भाऊच्या धक्क्याजवळील टर्मिनलपासून बेलापूरपर्यंत 'वॉटर टॅक्सी' सुरू झाली. वेगवान छोट्या बोटींचे भाडे माणशी ८०० रुपयांच्या पुढे होते. कॅटामरानचे २९० रुपये. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेलापूर–गेट वे अशी मोठी कॅटामरान सुरू झाली. नोकरदारांसाठी सकाळी एक फेरी, सायंकाळी एक परतीची. दोन्ही वेळा प्रतिसाद टिकला नाही.

याचे खापर 'लोकांना पाण्याची सवय नाही' या सबबीवर फोडणे सोपे आहे, पण ते खरे नाही. नोकरदाराला वेळ हवा असतो. रेल्वेचा मासिक पास त्याच्या खिशाला परवडतो आणि स्टेशन धक्क्यापेक्षा जवळ असते. धक्क्यापर्यंत रिक्षा, पुढे बोट, पलीकडे पुन्हा टॅक्सी अशा तीन तुकड्यांत बोटीवर वाचलेली मिनिटे रस्त्यावर संपतात. एक फेरी चुकली तर दुसरी नाही. त्यात डिझेलची वेगवान बोट दिवसातून एकदाच भरून निघते आणि उरलेला दिवस धक्क्याला बांधून राहते. भाडे त्यामुळे खाली येत नाही आणि भाडे जास्त म्हणून प्रवासी येत नाही. अटल सेतू झाल्यावर तर वेळेच्या शर्यतीत बोटीला जिंकण्याची संधी जवळजवळ उरली नाही.

घारापुरीला मात्र रस्ता नाही. तेथे जाणारा पर्यटक, यात्रेकरू, शाळेची सहल किंवा बेटावर राहणारा माणूस, सर्वांना पाण्यावरूनच जायचे आहे. त्यांना दहा मिनिटे वाचवण्याची घाई नाही. त्यांना ठरलेल्या वेळी सुटणारी, निवांत, धूर न ओकणारी आणि परवडणारी बोट हवी आहे. पुलांशी स्पर्धा न करणारी ही वाट आहे, आणि विजेची बोट नेमक्या अशाच वाटेवर शोभते. का, ते समजण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र पाहावे लागेल.

दोन सांगाडे, एक माडी

'कॅटामरान' हा शब्द विलायती वाटला तरी जन्माने तमिळ आहे. 'कट्टु' म्हणजे बांधणे, 'मरम' म्हणजे लाकूड. ओंडके एकत्र बांधून तमिळ कोळी समुद्रात उतरत, त्यांच्या तराफ्याचे हे नाव इंग्रजांनी उचलले आणि पुढे ते दोन समांतर सांगाड्यांच्या बोटीला लागले.

एका रुंद सांगाड्याची बोट पाणी मोठ्या प्रमाणावर दूर सारत जाते. तिच्यामुळे उठणाऱ्या लाटांत इंजिनाची बरीच शक्ती खर्च होते. दोन अरुंद सांगाडे पाणी चिरत जातात आणि लाट कमी उठवतात. सांगाडे एकमेकांपासून दूर असल्याने बोट सहजासहजी कलत नाही. वरची माडी रुंद मिळते आणि तिच्या छतावर सौर पत्र्यांना जागा होते. तिसरा गुण पनवेल खाडीसाठी विशेष मोलाचा आहे. हलकी कॅटामरान उथळ पाण्यातही तरते. ओहोटीला जेथे चिखलाचे पट्टे उघडे पडतात, तेथे बोटीचा तळ पाण्यात किती खोल जातो यावर दिवसाच्या किती फेऱ्या होतील हे ठरते.

विजेच्या बोटीची खरी अडचण बॅटरीचे वजन ही आहे. एक किलो डिझेलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा साठलेली असते. एक किलो बॅटरीत साधारण एका युनिटाचा सहावा-सातवा हिस्सा. डिझेल इंजिन त्यातील दोनतृतीयांश उष्णता वाया घालवते आणि विजेची मोटर फारच थोडी, हे धरूनही तफावत मोठी राहते. म्हणून विजेच्या बोटीला शक्ती जपून वापरावी लागते, आणि ती जपण्याचा राजमार्ग म्हणजे वेग आवरणे. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर शक्ती ढोबळमानाने आठपट लागते. तेवढेच अंतर कापण्यास वेळ निम्मा लागला तरी एकूण ऊर्जा चौपट खर्च होते. अतिवेगाचा मोह सोडला की बॅटरी लहान होते, बोट हलकी होते, किंमत उतरते. घाई नसलेला प्रवासी म्हणूनच विजेच्या बोटीचा उत्तम गिऱ्हाईक होय.

वैकमची 'आदित्य' आणि कोचीची जलमेट्रो

हे सारे कागदावरचे नाही, याची साक्ष केरळ देते. १२ जानेवारी २०१७ रोजी वैकम ते तवणक्कडवु या वेंबनाड सरोवरावरील सुमारे अडीच किलोमीटरच्या मार्गावर 'आदित्य' ही सौर प्रवासी बोट सुरू झाली. केरळच्या राज्य जलवाहतूक विभागासाठी ती नॅव्हाल्ट या तेथीलच कंपनीने बांधली. लांबी २० मीटर, रुंदी ७ मीटर, आसने ७५, दोन सांगाडे, छतावर २० किलोवॉटचे सौर पत्रे, ५० युनिटची बॅटरी आणि २० किलोवॉटच्या दोन मोटारी. वेग अवघा साडेपाच ते सहा नॉट, म्हणजे ताशी १० ते ११ किलोमीटर. दिवसाला वीस-बावीस फेऱ्या करणारी ही बोट बरीचशी ऊर्जा सूर्याकडून घेते आणि उरलेली रात्री धक्क्यावरील जोडणीतून. २०२० मध्ये तिला विजेच्या बोटींसाठीचा गुस्ताव त्रूव्हे यांच्या नावाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने १८८१ मध्येच पॅरिसच्या सेन नदीवर विजेच्या मोटारीची नाव चालवून दाखवली होती. कल्पना जुनी, बॅटरी तिच्या तोडीची व्हायला सव्वाशे वर्षे गेली.

कोचीची जलमेट्रो ही पुढची पायरी. २५ एप्रिल २०२३ रोजी सुरू झालेल्या या सेवेचा आराखडा १० बेटे, ३८ धक्के आणि ७८ बोटींचा आहे. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या १०० प्रवाशांच्या या बोटी ॲल्युमिनियमच्या कॅटामरान आहेत. त्यांत लिथियम टायटनेट प्रकारच्या बॅटऱ्या आहेत. त्या वजनाने जड आणि किमतीने महाग असल्या तरी १०–१५ मिनिटांत भरून निघतात आणि हजारो वेळा भरल्या तरी फारशा थकत नाहीत. प्रवासी चढ-उतार करतात तेवढ्या वेळात धक्क्यावर वीज भरून घ्यायची, असा हा क्रम. सुरुवातीचे किमान भाडे २० रुपये होते. बेटावरील माणसाला शहराशी जोडणे हा या योजनेचा मूळ हेतू होता. पर्यटक नंतर आले. मुंबई महानगरातील जलमेट्रोच्या अभ्यासाचे कामही कोची मेट्रोकडेच आले, यात नवल नाही.

मुंबई बंदराचे पाणी वेंबनाड सरोवराइतके शांत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्याचेही उत्तर शोधले जात आहे. २०२३ च्या अखेरीस नॅव्हाल्टने माझगाव डॉकसाठी 'बॅराकुडा' ही १४ मीटर लांबीची सौर-विद्युत कामकाजी बोट पाण्यात सोडली. प्रत्येकी ५० किलोवॉटच्या दोन मोटारी, १२ नॉटपर्यंत वेग आणि समुद्राच्या लाटांना तोंड देण्याजोगी बांधणी हे तिचे वैशिष्ट्य. त्यानंतर गेट वे आणि जवाहरलाल नेहरू बंदर यांच्यामधील मार्गासाठी माझगाव डॉकने बांधलेल्या विजेच्या छोट्या बोटी आल्या. तो मार्ग घारापुरीच्या अगदी शेजारून जातो.

परदेशातील दाखले

नॉर्वेत २०१५ पासून 'अँपेअर' ही कॅटामरान मोटारी व प्रवासी घेऊन सुमारे ६ किलोमीटरची समुद्रखाडी विजेवर पार करते. तेथे आलेली अडचण घारापुरीसाठी बोधप्रद आहे. किनाऱ्यावरील खेड्यांची वीजवाहिनी क्षीण होती. दहा मिनिटांत बोट भरायची तर गावाचे दिवे मंद झाले असते. उपाय म्हणून दोन्ही धक्क्यांवर बॅटऱ्या बसवण्यात आल्या. त्या वाहिनीतून सावकाश भरत राहतात आणि बोट आली की साठवलेली वीज एकदम देतात. त्याच देशात स्टावांगर शहराला लगतच्या बेटांशी जोडणारी 'मेडस्ट्राउम' ही १४७ प्रवाशांची विजेची कॅटामरान २०२२ मध्ये आली. ती २३ नॉटने धावते. सौरशक्तीची सीमा कोठवर जाते हे 'प्लॅनेट सोलर' या ३१ मीटरच्या कॅटामरानने दाखवले. सप्टेंबर २०१० मध्ये मोनॅकोहून निघून ५८४ दिवसांत, केवळ सूर्याच्या बळावर, तिने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

यशांसोबत सावधगिरीचा दाखलाही द्यायला हवा. ऑक्टोबर २०१९ मध्ये नॉर्वेच्या 'इटरऑइनिंगेन' या मिश्र इंधनाच्या बोटीवर बॅटरी थंड ठेवणारे द्रव गळून आग लागली आणि नंतर साठलेल्या वायूचा स्फोट झाला. बॅटरीचा कक्ष प्रवाशांपासून वेगळा असणे, वायू बाहेर पडण्यास वाट असणे आणि खलाशांना त्याचे खास शिक्षण असणे या अटी अपरिहार्य आहेत.

वहीवरचा कच्चा हिशेब

आता मूळ प्रश्न : बेलापूर–घारापुरी मार्गावर विजेची कॅटामरान परवडेल काय? पुढील आकडे कोणत्याही कंपनीचे नाहीत. विचार करण्यासाठी धरलेले ते गृहीतक आहे आणि वाचकांनी आपल्या अनुभवाने ते बदलून पाहावे.

खाडीच्या वळणांसह एका बाजूचे अंतर १४ किलोमीटर धरू. 'आदित्य'च्या आकाराची ७५ आसनांची बोट सहा नॉटने चालली तर जायला सव्वा तास लागेल. शांत पाण्यात ती २० किलोवॉट घेते असे धरले तर जाऊन-येऊन सुमारे ५० युनिट. भरतानाची गळती धरून युनिटाला १२ रुपये लावले तर एका पूर्ण फेरीस ६०० रुपये. तेवढ्याच आकाराच्या डिझेल लाँचने तासाला १० लिटर घेतले तर अडीच तासांचे २५ लिटर. ९० रुपये दराने २,२५० रुपये. म्हणजे फेरीमागे १,६५० रुपयांची बचत.

दिवसाला दोन फेऱ्या आणि वर्षाला २४० दिवस धरले तर बचत ७ लाख ९२ हजार रुपये होते. विजेच्या बोटीला बॅटरी आणि धक्क्यावरील चार्जिंग यांसाठी ५० लाख रुपये जास्तीचे लागले, तर व्याज न धरता ते सव्वासहा वर्षांत फिटतील. तीच बोट ३३० दिवस चालली तर बचत १० लाख ८९ हजार, आणि मुदत साडेचार वर्षांच्या थोडी पुढे. उलट नोकरदारांच्या सेवेप्रमाणे दिवसाला एकच फेरी केली आणि शनिवार-रविवार सुट्टी ठेवली, तर तेच भांडवल फिटायला बारा वर्षांहून अधिक लागतील. तोवर बॅटरी बदलण्याची वेळ आलेली असेल.

या हिशेबाचे सार एका वाक्यात आहे. डिझेलची बोट उभी राहिली तर इंधन तरी वाचते; विजेची बोट उभी राहिली की तिची सारी कमाई थांबते. कारण तिचा खर्च आधीच, खरेदीच्या दिवशी, होऊन गेलेला असतो. म्हणून तिला फेऱ्या हव्यात, वेळापत्रक हवे आणि वर्षातील जास्तीत जास्त दिवस हवेत. पावसाळा हा यातील कळीचा मुद्दा आहे. मांडव्याकडील लाँच पावसाळ्याचे तीन महिने बंद असतात. बंदराच्या आतील पाणी तुलनेने सुरक्षित असले तरी उधाण आणि वारा यांपुढे फेरी रद्द करावीच लागते. 'रामदास'ची आठवण असलेल्या किनाऱ्यावर या बाबतीत हिशेबाने सुरक्षिततेवर मात करता कामा नये. बोट पावसाळ्यात उभी राहील असे धरूनच भांडवल मांडणे हा प्रामाणिक व्यवहार होय. शिवाय लेणी सोमवारी बंद असतात. आठवड्यातील तो दिवसही वजा धरावा लागतो.

बेटाची बाजू

घारापुरी हे उरण तालुक्यातील गाव आहे. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वाड्यांत हजार-बाराशे माणसे राहतात. १९८७ पासून जागतिक वारसा असलेली लेणी पाहून पर्यटक सायंकाळी परतत आणि गाव अंधारात राही, ही स्थिती अगदी परवापर्यंत होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्रतळावरून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटरच्या केबलने येथे वीज आली. स्वातंत्र्यानंतर ७० वर्षांनी घरोघरी दिवे लागले. त्याआधी सायंकाळचे काही तास चालणाऱ्या डिझेल जनित्रावर भागवावे लागे.

हीच केबल आता बोटीलाही वीज देऊ शकते. पण येथे 'अँपेअर'चा धडा लक्षात ठेवावा लागेल. बेटाची वाहिनी आधी गावाची आहे. धक्क्यावर साठवणीची बॅटरी बसवून ती सावकाश भरली तर गावाचे दिवे आणि बोट दोन्ही चालतील. बेटावर चार्जिंगची सोय असेल तर बोटीवरील बॅटरी निम्म्या आकाराची पुरते, आणि पावसाळ्यात बोटी उभ्या असताना तीच साठवण गावाच्या अडचणीच्या वेळी उपयोगी पडते.

बेटावरील माणसाला बोट म्हणजे सहल नव्हे. आजारी माणसाला न्यायचे असो, मुलांचे पुढील शिक्षण असो की महिन्याचा किराणा, प्रत्येक गोष्ट भरती-ओहोटी पाहून ठरते. पर्यटकांच्या फेऱ्यांतच गावकऱ्यांसाठी सवलतीची आसने आणि सामानाची जागा ठेवली तर नव्या बोटीचा लाभ उतारूंबरोबर यजमानांनाही मिळेल. डिझेल लाँचवर पोट असलेले तांडेल आणि खलाशी हाही मोठा वर्ग आहे. त्यांना बाजूला सारून कोणतीही सेवा टिकणार नाही. चिखलाचे पट्टे, खडक आणि प्रवाह त्यांना पाठ आहेत. नव्या बोटीला शिकवायचे आहे ते फक्त बॅटरीचे. खाडीचे ज्ञान त्यांच्याकडेच आहे.

या बेटावर रोमन काळातील मद्य व तेलाच्या कुंभांचे तुकडे आणि कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी सापडली आहेत. लेण्यांतील सदाशिवाच्या भव्य मूर्तीपुढे उभे राहणाऱ्याला हे क्वचित आठवते, पण घारापुरी एके काळी व्यापाराचे ठाणे होते. दूरचा माल येथे उतरत होता आणि मोजून पैसे दिले जात होते.

खाडीतील मूक रहिवासी

बोट शांत चालली तर माणसांखेरीज आणखी कोणाचा लाभ होतो, हेही पाहायला हवे. ठाणे खाडीचा पश्चिमेकडील भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. थंडीपासून मेपर्यंत हजारो रोहित पक्षी चिखलातील सूक्ष्म जीवांवर जगतात. डिझेल लाँचचा धडधडाट, तेलाचा तवंग आणि धूर यांतून विजेची बोट त्यांची सुटका करते, हे खरे.

परंतु बोट निरुपद्रवी असली म्हणजे धक्का निरुपद्रवी असतो असे नाही. २०२४ मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावाच्या परिसरात फ्लेमिंगो मेले तेव्हा भरतीचे पाणी तलावात येण्याच्या वाटा बुजल्याचा प्रश्न पुढे आला. पाण्याची एक चिंचोळी वाट बंद झाली तरी चिखल सुकतो आणि पक्ष्यांचे अन्न संपते. म्हणून नव्या सेवेची 'हरित' ही पदवी केवळ मोटारीवरून ठरू नये. कांदळवन न तोडता बांधलेला धक्का, भरतीचे पाणी खेळते ठेवणारा जोडरस्ता, गाळ काढण्याची पक्ष्यांना न खुपणारी वेळ आणि थकलेल्या बॅटऱ्यांची नीट विल्हेवाट या चारही गोष्टी त्या पदवीत आल्या पाहिजेत.

पुढे काय हवे

धोरणाचा कल अनुकूल आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने 'हरित नौका' मार्गदर्शक सूचना काढल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले असून त्यामुळे या किनाऱ्यावर पाहुण्यांची वर्दळ वाढेल. बेलापूर आणि नेरूळचे धक्के उभे आहेत. उणीव आहे ती त्यांना जोडणाऱ्या चार साध्या गोष्टींची : स्टेशनपासून धक्क्यापर्यंत बोटीच्या वेळेला मिळणारी बस, दोन्ही टोकांना चार्जिंग, भरतीनुसार महिनाभर आधी जाहीर होणारे वेळापत्रक, आणि प्रत्येक उतारूच्या अंगावर बोट सुटण्यापूर्वी लाइफ जॅकेट.

यांतील कोणत्याही गोष्टीला नवा शोध लागत नाही. 'आदित्य' २०१७ पासून चालते आहे ती अजब यंत्रामुळे नव्हे. आखूड मार्ग, बेताचा वेग, दिवसभर फेऱ्या आणि जबाबदारी घेणारा एक विभाग, एवढ्यावर ती उभी आहे. नवी मुंबईत ज्या संस्था, व्यापारी संघ किंवा उद्योजक या कामात भांडवल घालू इच्छितील त्यांनी उद्घाटनाच्या छायाचित्राआधी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा ताळेबंद मांडावा. पहिल्या वर्षी बोट कुतूहलावर भरते. ती टिकते की नाही हे ठरते ते तिसऱ्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, एखाद्या साध्या बुधवारी किती उतारू धक्क्यावर उभे असतात त्यावर.